सुट्टीला पंचांग लागतं

पत्र

काकूंना नमस्कार,
आम्ही मूळचे बार्शीकडचे, चार वर्षांपासून सोलापुरात अक्कलकोट रोडला राहतो. मिस्टर चादरीच्या कारखान्यात मागावर आहेत. मोठा मुलगा चौथीत, धाकटी पहिलीत. माझ्या नणंदेची मुलं पुण्याला असतात. दर सुट्टीत ती कुठल्या तरी रिसॉर्टला नाहीतर वॉटर पार्कला जातात आणि फोनवर फोटो पाठवतात. यंदा आमच्याकडे बोनसची खात्री नाही. मागच्या महिन्यात मॉलमधल्या गेम झोनला नेलं, तर तासाभरात आठवड्याच्या भाजीचे पैसे गेले आणि येताना दोघंही रडत आली. परवा मोठ्याने विचारलं, "आई, आपण गरीब आहोत का?" मला काही बोलता आलं नाही. नवरात्रापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पैसे न घालवता पोरांना काय दाखवू, काय करू? बागेत किती वेळा नेणार?
— एक आई, सोलापूर

उत्तर

ताई,

आधी मुलाच्या प्रश्नाचं बघू. सुट्टीचं नंतर, ते सोपं आहे.

"आपण गरीब आहोत का" असं चौथीतलं पोर विचारतं, तेव्हा त्याला तुमचा पगार जाणून घ्यायचा नसतो. आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय, एवढं त्याला कळलेलं असतं आणि त्याचीच भीती वाटत असते. म्हणून लपवू नका. "छे, असं बोलू नये" म्हणून गप्पही करू नका. एका रविवारी वही घेऊन त्याच्यासोबत बसा. घरभाडं एवढं, किराणा एवढा, शाळेची रिक्षा एवढी, उरले एवढे. मग म्हणा, "यातले शंभर रुपये सुट्टीत तू आणि ताईडी मिळून खर्च करायचे. कशावर, ते तुम्ही ठरवा, पण एकदाच." चौथीत बेरीज-वजाबाकी येतेच. शंभराची नोट हातात आली की पोरं मारवाड्यासारखी हिशोबी होतात, हे मी तीन पोरांवर पाहिलंय. जत्रेत फुगेवाला दिसला की रडारड होत नाही. "नको, मग आइसक्रीमला उरणार नाहीत" असं तीच सांगतात.

आता सुट्टी. गेम झोन वर्षाचे बाराही महिने उघडा असतो, म्हणूनच त्याला पैसे पडतात. शरदात आपल्या गावात जे फुकट मिळतं, ते त्या-त्या दिवशीच मिळतं. दुसऱ्या दिवशी गेलात तर मोकळं मैदान. तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा आणि सर्वपित्री अमावस्येपासून सुरुवात करा.

तुम्ही अक्कलकोट रोडला राहता म्हणजे शेजारपाजारी पद्मशाली घरं असणारच. त्या अमावस्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत त्यांच्याकडे बतुकम्मा असते. तुम्ही बार्शीच्या, तुम्हाला हादगा माहीत. पाटावरचा हत्ती, भोवती फेर, खिरापत ओळखणं. बतुकम्मा त्याची तेलुगू मावसबहीण समजा, फक्त हत्तीच्या जागी फुलांचा डोंगर असतो. ताटात फुलांचे थर गोल गोल रचत वर निमुळते करत नेतात, शेंड्याला हळदीची गौरी बसवतात, संध्याकाळी बायका त्याभोवती टाळ्या वाजवत गाणी म्हणत फेर धरतात आणि शेवटी ते पाण्यात सोडतात. फुलं कुठली? तंगेडू, गुनुगू, झेंडू. तंगेडू म्हणजे आपला तरवड. माळरानावर, रस्त्याच्या कडेला, एमआयडीसीच्या रिकाम्या प्लॉटवर हळदीसारखी पिवळीधमक फुलं येतात ना, तोच. गुनुगू म्हणजे कुरडू, शेतात तण म्हणून उपटून टाकतात ते, गुलाबी-पांढऱ्या कणसाचं. तेलंगणातून माग चालवायला आलेल्या माणसांना इथल्या माळावर आपल्या गावचीच फुलं भेटली, याचं मला कायम नवल वाटतं.

शेजारच्या अक्कांना फक्त विचारा, "आम्ही फुलं गोळा करून आणली तर चालतील का?" नाही म्हणणार नाहीत. मग सकाळी उन्हं चढायच्या आत दोघांना घेऊन निघा. मोठ्याकडे तरवड, धाकटीकडे कुरडू, प्रत्येकाची पिशवी वेगळी. पायात बूट असू द्या आणि गवतात हात घालण्याआधी काठीने हलवून बघायची सवय लावा. पावसाळा सरतानाच विंचू-सापांचा वावर असतो. संध्याकाळी त्याच फुलांचा थर ताटात बसलेला पाहताना धाकटी कुणाकुणाला "हे माझं" म्हणून सांगते, ते बघा. गेम झोनमध्ये तिचं काहीच नव्हतं हो. पैसे टाकले, दिवे लागले, दिवे विझले.

दसऱ्यानंतर तुळजापूरची भवानी झोपते. महिषासुराशी लढून दमलेली देवी सीमोल्लंघन करून पलंगावर निजते ती थेट आश्विन पौर्णिमेला उठते. त्या काळाला श्रमनिद्रा म्हणतात. ही गोष्ट मुलांना सांगाच, कारण देवालाही दमायला होतं हे पोरांना फार आवडतं. आणि देवी उठायच्या त्या पौर्णिमेला, म्हणजे कोजागरीला, आपल्या गावातून हजारो माणसं चालत तुळजापूरला निघतात. सुमारे पंचेचाळीस किलोमीटर, कित्येक जण अनवाणी, रात्रभर. रस्त्यावरची वाहतूक वळवतात. एरवी ट्रकांनी भरलेल्या त्या रस्त्यावर चांदण्यात नुसती माणसं चालताना दिसतात. कुठे चहा, कुठे केळी, कुठे चिवडा वाटत असतात. पायांना तेल लावून द्यायलाही लोक बसलेले असतात.

पण ऐका, चालायला नेऊ नका. ही चूक मी केलेली आहे. माझा सात वर्षांचा भाचा, "मी पूर्ण जाणार" म्हणून हटून बसला. मलाही कौतुक वाटलं. हिप्परग्याच्या अलीकडेच साहेबांनी रस्त्यावर बसकण मारली. भावाला फोन केला की गाडी घेऊन ये, तर तो म्हणतो, रस्ता बंद आहे, कुठून येऊ? मग एकोणीस किलोंचं ते पोर पाठीवर घेऊन मी उलटी चालत आले, समोरून येणारा प्रत्येक जण "ताई, तुळजापूर तिकडं" म्हणून सांगत होता. तुम्ही असं करा. संध्याकाळी दोन कळश्या पाणी आणि घरचे पेले घेऊन रूपाभवानीच्या बाजूला किंवा तुळजापूर नाक्याकडे कडेला उभ्या राहा. पाणी ओतायचं काम मोठ्याचं, रिकामे पेले गोळा करायचं धाकटीचं. तासभर पाणी द्या, अर्धा किलोमीटर त्यांच्यासोबत चाला, परत फिरा आणि घरी गच्चीवर दूध. बदाम-पिस्ते नसले तरी चालतं, वेलची आणि जायफळ पुरे. नंतर वर्तमानपत्र गच्चीवर आणून चंद्राच्या उजेडात मथळे वाचता येतात का, ते बघायला लावा. धाकटी पहिलीत आहे म्हणजे तिला जोडाक्षरं येत नसतील. जेवढं येईल तेवढं.

नवरात्र आणि कोजागरी असं पार पडलं की मग दिवाळीचा किल्ला. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, माफ करा.

गल्लीगल्लीत रायगड आणि प्रतापगड होतात. त्याला डोंगर लागतो, डोंगराला दगड-विटा आणि पोत्यांचा ढीग लागतो आणि निम्मी मुलं तिथेच कंटाळतात. तुम्ही यंदा आपला सोलापूरचा भुईकोट करा. सपाट जागेवरचा किल्ला, डोंगराची भानगडच नाही. आधी तो खरा बघून या. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, मोठ्या माणसांना थोडंसं तिकीट पडतं, पंधरा वर्षांखालच्या मुलांना नाही. म्हणजे तुम्ही दोघांपैकी एकानेच आत जायचं ठरवलं तर खर्च एकाच तिकिटाचा. जाताना वही-पेन्सिल द्या आणि सांगा की घरी हा बांधायचाय, तेव्हा नीट बघून घे. तटबंदी एक की दोन? दोन आहेत, एकात एक. खंदक कुठे होता? सिद्धेश्वर तलाव कुठल्या बाजूला येतो? बुरूज गोल की चौकोनी? दारातून आत शिरल्यावर रस्ता सरळ जातो की वळतो आणि का वळतो? शत्रूच्या हत्तीला धावत येऊन दाराला धडक देता येऊ नये, हे उत्तर त्याला स्वतःलाच सापडू द्या. गोष्ट सांगायची तर चांदबिबीची सांगा. अहमदनगरच्या निजामशाहीची ही मुलगी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा लग्नात सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून गेला. "म्हणजे किल्ला रुखवतात ठेवला होता का?" असं माझ्या भाचीने विचारलं होतं. त्याच किल्ल्यावर पुढे १८१८ साली इंग्रजांनी तोफा डागल्या आणि पेशवाईचा इथला शेवट झाला.

घरी आल्यावर माती. आपली काळी माती फसवी असते. भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि दुसऱ्या दिवशी तटाला बोट जाईल एवढी भेग. शेतात उन्हाळ्यात पडतात त्याच ह्या भेगा. म्हणून नुसती काळी घ्यायची नाही. तीन वाटे काळी, दोन वाटे मुरूम किंवा वाळू आणि मूठ-दोन मूठ भुसा नाहीतर बारीक चिरलेला कडबा. रात्रभर भिजत ठेवायची, सकाळी पायाने तुडवायची. तुडवण्याचं काम पोरांकडेच द्या, त्यांना दुसरं काही आवडलं नाही तरी हे आवडेल. घराच्या पुढे जागा नसेल तर जुन्या दाराच्या फळीवर किंवा मोठ्या परातीत करा, भुईकोटाला तेवढी पुरते. खंदकाला आतून प्लास्टिकची पिशवी कापून घाला म्हणजे पाणी टिकेल. बाहेरच्या रानासाठी हळीव किंवा मोहरी पेरायची, फार तर चार-पाच दिवस आधी. लवकर पेरली तर लक्ष्मीपूजनापर्यंत पिवळी पडून आडवी होते. मावळे विकत आणू नका. मातीचे करा, ओबडधोबड होऊ द्यात. सुतळीच्या मिशा लावल्या की कुठलाही गोळा हवालदार होतो.

एक सूचना तुमच्यासाठी आहे. किल्ला वाकडा झाला तर रात्री पोरं झोपल्यावर सरळ करायला जाऊ नका. पुष्कळ आया करतात.

आता तुमच्या मिस्टरांचं काम. पत्रात तुम्ही ते घाईत एका वाक्यात उरकलंत. घरात पलंगावर सोलापुरी चादर असेलच. ती पोरांसमोर अंथरा आणि उलटी करा. नेहमीची दुरंगी चादर असेल तर वरच्या बाजूला जिथे पांढरं फूल आहे तिथे खालच्या बाजूला रंगीत फूल दिसतं, म्हणजे दोन्ही बाजूंना तीच नक्षी, रंग मात्र अदलाबदल. असं कसं होतं ते तुम्ही सांगू नका, बाबांना सांगू द्या. मागावर जकार्ड असतं, त्याला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ लावलेली असते. जिथे भोक आहे तिथला धागा वर उचलला जातो, जिथे नाही तिथला खालीच राहतो आणि मधून आडवा धागा जातो. एक पुठ्ठा, एक ओळ. अशा शेकडो ओळी झाल्या की मोर उभा राहतो. हे ऐकून झालं की मुलाची गणिताची चौकटीची वही काढा. पंचवीस घरं आडवी, पंचवीस उभी. भोक म्हणजे भरलेला चौकोन, भोक नाही म्हणजे रिकामा. यात त्याने स्वतःचं चादरीचं फूल काढायचं. बाबांनी तपासायचं आणि "इथं धागा लोंबेल बघ" म्हणून दुरुस्त करायचं. कोऱ्या वहीतली चार पानं आणि शिसपेन्सिल, खर्च एवढाच. मालकांची हरकत नसेल तर माग बंद असताना कारखान्यात नेऊन ती पुठ्ठ्यांची माळ दाखवताही येईल. माग चालू असताना नेऊ नका, आवाज आणि आडवा धागा नेणारा धोटा दोन्ही पोरांच्या कामाचे नाहीत. "आपण गरीब आहोत का" विचारणाऱ्या मुलाने आपल्या बापाला एकदा शिकवताना बघावं, असं मला वाटतं.

दिवाळी कधी लवकर येते, कधी उशिरा, पण ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, १२ सलीम अलींच्या. चितमपल्ली १९३२ साली आपल्या सोलापुरातच जन्मले आणि उभं आयुष्य जंगलात काढून २०२५ साली इथेच गेले. त्या आठवड्यात एका सकाळी सहाला उठून धर्मवीर संभाजी तलावावर जा. जुने लोक अजून कंबर तलाव म्हणतात, रिक्षावाल्याला तेच सांगा. हिप्परग्याचा तलाव मोठा आहे, पण तिथे जायला गाडी हवी. दुर्बीण नको, एकच पक्षी ओळखायला सांगा, वारकरी. अंगाने काळा कुळकुळीत आणि कपाळावर पांढरा टिळा, म्हणून हे नाव. पाण्यात बुडी मारतो आणि बुचासारखा टपकन वर येतो. कधी वर येईल याची पैज लावायची. धाकटी जिंकेल, लहान मुलांचं लक्ष जास्त असतं. काठावर शेपटी खालीवर करत पळणारा छोटा पक्षी दिसला तर तो धोबी, बहुधा थंडीचा पाहुणा. पहिल्या दिवशी दोन नावं पुष्कळ झाली.

नान्नजच्या माळढोक अभयारण्यात मी तुम्हाला पाठवत नाही. या दिवसांत गवत उंच असतं, माळढोक दिसणं आता नशिबाचीच गोष्ट, आणि पहिलीतल्या मुलीला गप्प बसवून काळवीट दाखवायचं म्हणजे तुमचीच परीक्षा. थंडीत बघू.

१० ऑक्टोबरला मात्र भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीसांच्या स्मारकाकडे एक चक्कर मारा. त्या दिवशी १९१० साली त्यांचा जन्म झाला. १९३८ मध्ये ते डॉक्टरांच्या पथकासोबत चीनला गेले, तिथल्या युद्धात जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. सोलापूरचं पोर कुठवर जाऊ शकतं, हे नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं. तिथून पुढे इंग्रजांनी फाशी दिलेल्या चार हुतात्म्यांचे पुतळेही बघता येतील, पण एका दिवसात दोन्ही नको. पोरांना इतिहासाचं अजीर्ण होतं.

फुकट म्हटलं तरी तहान-भूक फुकट नसते. ऑक्टोबरात आपल्याकडे ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. बाहेर पडायचं ते सकाळी नवाच्या आत नाहीतर पाचच्या पुढे. सोबत पाण्याची बाटली, दशम्या आणि शेंगाचटणी. भुकेलं पोर दारातल्या पहिल्या भेळवाल्यापाशी तुमचा सगळा हिशोब मोडतं. आणि रोज काहीतरी करायलाच हवं असं नाही. आठवड्यातून दोनदा बाहेर, बाकी दिवस गल्लीतल्या पोरांत सोडून द्या.

राहिली पुण्याची नणंद. फोटोंना उत्तर म्हणून फोटो पाठवू नका. तिच्या मुलांना दिवाळीआधी चार दिवस इकडे बोलवा. फ्लॅटमध्ये माती तुडवायला मिळत नाही. भुईकोट कसा असतो हे तुमचा मोठाच त्यांना समजावून सांगेल, त्याने तो वहीत काढलेला असेल ना.

माती तेवढी वसुबारसेच्या आधी आणून ठेवा. शेवटच्या दोन दिवसांत सगळी गल्ली मातीवर तुटून पडते, बांधकामावरची वाळूसुद्धा रातोरात गायब होते. ती कुठे जाते हे मला चांगलं माहीत आहे, पण भाच्याचं नाव छापणार नाही.

तुमची,
काकू